मातीत उपचार घडवताना

सिरॅमिक शिल्पातून मानसिक आजाराविषयी काही मांडायचे ठरवले की बहुतेक नवखे विद्यार्थी प्रथम भेगाळलेले डोके घडवतात. नैराश्यावर वर्षभर औषधे घेत असूनही मी तेच केले. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ते डोके वरून पाहता पाहता पांढरे पडले, आत मात्र ओलेच राहिले. भट्टी शंभर अंशांपुढे जाताच आतल्या पाण्याची वाफ झाली आणि कानापासून मानेपर्यंतचा भाग उडाला. पाहणाऱ्यांनी त्या भगदाडाला 'फार बोलके' म्हटले. मला त्यात केवळ माझी घाई दिसत होती.

नागपूरच्या चितारओळीतल्या मूर्तिकारांकडे पाहून हात जरूर तयार करावा, परंतु त्यांच्या गणेशमूर्ती भाजल्या जात नसल्याने जाडीचा त्यांचा हिशेब भट्टीला चालत नाही. शिल्प आतून पोकळ करावे, प्लास्टिकखाली सावकाश वाळवावे आणि 573 अंशांच्या आसपास, जिथे मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचे आकारमान एकाएकी बदलते, तिथे तापमान हळू चढवावे व उतरवावे.

पुढे मी आजाराचा चेहरा सोडून उपचारांच्या वस्तू घेतल्या: ओपीडीतला बाक, घड्यांवर मऊ पडलेला केस पेपर, दहा गोळ्यांची स्ट्रिप. विजेच्या शॉकच्या उपचारावरही काम करायचे होते. पण 1938 साली रोममध्ये सुरू झालेला हा उपचार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय करण्यास आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे, हे वाचल्यावर मनातले सिनेमातले दृश्य बाद करावे लागले. त्याच कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय असते, म्हणून इतर कोणाची कहाणी त्याच्या संमतीविना घडवू नये. शिल्प घडवणे हा औषधाला पर्याय नाही, हेही ओघाने आलेच.

स्ट्रिपने सर्वाधिक वेळ घेतला. पातळ लाटलेली माती चामड्याइतकी घट्ट झाली की अंगठ्याने कप्पा फोडायचा. आधी दाबला तर चिकटतो, उशीर झाला तर कड तुटते. पावसाळ्यात ती माती ओल्या फडक्यात गुंडाळून मी रोज गोळी घेतल्यावर एकच कप्पा फोडत असे. भाजलेली स्ट्रिप हातात घेऊन माझ्या डॉक्टरांनी दोन कप्पे तसेच का, असे विचारले. त्या दोन दिवशी गोळी चुकली होती आणि तोवर मी ते त्यांना सांगितले नव्हते.