सांभाळायला आणलेली मांजरीची पिल्ले आणि घरातले जुने प्राणी: ओळख कशी करून द्यावी

पावसाळ्याच्या तोंडाशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा एखाद्या गाडीच्या बॉनेटमध्ये सापडलेली मांजरीची पिल्ले कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळायची जबाबदारी आपण घेतो, तेव्हा घरातल्या मांजराला किंवा कुत्र्याला त्याबद्दल कोणी विचारलेले नसते. पिल्ले काही आठवड्यांची पाहुणी असतात आणि जुना प्राणी त्या घरचाच असतो. म्हणून ओळखीचा वेग पिल्लांच्या उत्साहावर नव्हे, तर त्याला कितपत सोसते यावर ठरवावा. किंबहुना ओळख करून द्यायची की नाही, याचाच विचार आधी करावा. पिल्ले दोन-तीन आठवड्यांत जाणार असतील किंवा घरातले मांजर म्हातारे, आजारी अथवा फार बुजरे असेल, तर त्यांना शेवटपर्यंत वेगळ्या खोल्यांत ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. मुक्काम त्याहून लांबणार असेल, तर मात्र ओळखीचा लाभ पिल्लांनाच होतो, कारण लहान वयात शांत कुत्रा किंवा समजूतदार मोठे मांजर पाहिलेले पिल्लू पुढे प्राणी असलेल्या घरात लवकर रुळते.

पहिले किमान 14 दिवस पिल्ले पूर्णपणे वेगळी ठेवावीत, आणि या नियमात सवलत घेऊ नये. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार लहान पिल्लांसाठी अतिशय घातक असतो. लागण झालेले पिल्लू सुरुवातीचे काही दिवस अगदी ठणठणीत दिसू शकते आणि हा विषाणू खोलीत एक वर्षापर्यंत तग धरू शकतो. तो कपडे, चपला आणि हातांवरूनही पसरतो, त्यामुळे पिल्लांच्या खोलीसाठी वेगळी चप्पल, वेगळा गाऊन आणि वेगळी भांडी ठेवावीत आणि बाहेर येताना साबणाने हात धुवावेत. हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही. फरशीसाठी एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असे मिश्रण करावे, आधी घाण पुसून काढून मग ते दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे आणि शेवटी साध्या पाण्याने पुसावे. तेवढा वेळ पिल्ले दुसरीकडे ठेवावीत. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे फिनाईल मात्र मांजराच्या घरात आणूच नये. पाण्यात टाकताच दुधासारखी पांढरी होणारी बहुतेक जंतुनाशके मांजरांना विषारी असतात, आणि मांजर पंजे चाटते हे विसरता येत नाही.

याच काळात पिल्लांना पशुवैद्याकडे नेऊन जंत, पिसवा, कानांतील किडे आणि गजकर्ण यांची तपासणी करून घ्यावी. गजकर्ण बुरशीमुळे होते आणि ते घरातल्या मांजराला, कुत्र्याला आणि माणसांनाही लागते; कानाच्या टोकावर किंवा नाकाजवळ केस गेलेला गोल, खवलेदार चट्टा दिसला, तर ओळखीचा बेत पुढे ढकलावा. लाळेतून पसरणाऱ्या ल्युकेमिया विषाणूची रक्तचाचणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावे आणि तोवर खाण्या-पिण्याची भांडी एकत्र होऊ देऊ नयेत. पिल्लांचे लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते. पण आपल्या जुन्या मांजराचा बूस्टर राहिला आहे का, हे पिल्ले घरी आणण्यापूर्वीच कार्ड काढून पाहावे.

वेगळे ठेवण्याचे दिवस वाया जात नाहीत. दाराखालच्या फटीतून घरातल्या मांजराला नवा वास लागतोच. ते तिथे येऊन बसते, मान खाली घालून फटीशी नाक नेते, मिशा पुढे काढते, कधी एक फिसकारा टाकून निघून जाते आणि थोड्या वेळाने परत येते. त्याला तिथून हाकलू नये आणि उचलून दाराजवळ आणूही नये. दोन आठवडे उलटून तपासण्या नीट आल्या, की जुन्या मांजराच्या गालांवरून एक मऊ सुती कापड हलकेच फिरवून ते पिल्लांच्या अंथरुणात ठेवावे आणि पिल्लांचे कापड त्याच्या खाण्याच्या जागेपासून थोडे लांब ठेवावे. कापड हुंगून ते निवांतपणे जेवू लागले, म्हणजे पुढे जाता येते. जेवण सोडून निघून गेले, तर आणखी काही दिवस थांबावे.

यानंतर नजरेची ओळख. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटना असलेले जाळीचे दार किंवा सेफ्टी डोअर यासाठी उत्तम, फक्त गजांतून लहान पिल्लू निसटत असेल, तर खालच्या भागाला मच्छरदाणीची जाळी घट्ट बांधावी. दाराच्या दोन्ही बाजूंना पुरेसे अंतर ठेवून एकाच वेळी जेवण द्यावे आणि ते अंतर रोज थोडे कमी करावे. जुने मांजर जाळीजवळ शांतपणे खाऊ लागले, की भेट घडवावी, पण ती पिल्ले खेळून आणि खाऊन सुस्तावलेली असताना, काही मिनिटांचीच. मोठ्या मांजराला वर चढून बसायला कपाट किंवा खिडकीची कड मोकळी ठेवावी, जेणेकरून त्याला स्वतःहून बाजूला होता येईल. फिसकारणे ही ताकीद असते आणि शहाणे पिल्लू तिच्यातून मर्यादा शिकते. त्यासाठी मोठ्या मांजराला रागावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. कान मागे चिकटवून एकटक रोखून पाहणे, घशातून लांबट घोगरा आवाज काढणे किंवा पिल्लाच्या मागे दबा धरून चालणे दिसले, तर मध्ये पुठ्ठा किंवा उशी धरून त्यांना वेगळे करावे. हात कधीही मध्ये घालू नये. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण रस्त्यावरून आलेल्या पिल्लाच्या बाबतीत रेबीजचा धोका गृहीतच धरायचा असतो. लिटर ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त असावेत आणि जुन्या मांजराचा ट्रे त्याच्या नेहमीच्या जागेवरच राहावा.

कुत्र्याच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. चारशे-पाचशे ग्रॅमच्या पिल्लाला इजा व्हायला कुत्र्याचा राग लागत नाही, खेळातला एक पंजाही पुरतो. पहिल्या भेटीपूर्वी कुत्र्याला लांब फिरवून आणावे, पट्टा एका मोठ्या माणसाच्या हातात असावा आणि पिल्लू कॅरिअरमध्ये किंवा जाळीपलीकडे असावे. ‘बस’ म्हटल्यावर कुत्रा बसतो आणि पिल्लावरची नजर काढून आपल्याकडे पाहतो, तेव्हाच त्याला खाऊ द्यावा. अंग ताठ करून, तोंड मिटून, न हलता रोखून पाहणारा कुत्रा शांत नसतो, तो शिकारीच्या तयारीत असतो; असा कुत्रा भेटीगणिक सैल पडत नसेल, तर ओळखीचा नाद सोडावा. कितीही मवाळ कुत्रा असला, तरी त्याला आणि पिल्लाला एकाच खोलीत सोडून भाजी आणायला जाऊ नये. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेला लावायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरांना जीवघेणे ठरू शकते. त्यामुळे वेष्टनावरचे नाव वाचावे आणि असे औषध लावलेल्या कुत्र्याच्या अंगाला पिल्लू चिकटणार नाही, याची काळजी घ्यावी.

ससा, हॅमस्टर आणि पिंजऱ्यातले पक्षी यांची ओळख करून देऊच नये. पिंजऱ्याबाहेर नुसते मांजर बसले, तरी ते प्राणी घाबरतात, आणि मांजराच्या दातांचा बारीकसा ओरखडाही पक्ष्याला जंतुसंसर्गाने मारू शकतो.

दिवाळीच्या फटाक्यांचे दिवस, घरातला रंगकाम किंवा पाहुण्यांचा गोतावळा अशा वेळी नवी पायरी चढू नये. जुन्या प्राण्याचे जेवणाचे, फिरण्याचे आणि आपल्या मांडीवर बसण्याचे वेळापत्रक या सगळ्या काळात बदलू देऊ नये. मांजराने दिवसभर खाल्ले नाही, ट्रेबाहेर लघवी केली किंवा ते पलंगाखालून बाहेर येईना, तर एक पायरी मागे जावे आणि पशुवैद्याशी बोलावे. पिल्ले नव्या घरी निघतील, तेव्हा त्यांनी मोठे मांजर पाहिले आहे की नाही, कुत्र्यासमोर ती कशी वागतात आणि कोणते पिल्लू लवकर बुजते, हे दत्तक घेणाऱ्याला कागदावर लिहून द्यावे आणि त्यांच्या अंथरुणातले एक न धुतलेले कापड सोबत द्यावे.