घोरणं अचानक थांबलं तर कान द्या

घरातलं कोणी जोरात घोरत असेल, तर 'गाढ झोप लागलीय' असं समजून कूस बदलू नका. जरा ऐका. घोरता घोरता एकदम सगळं शांत होतं, छाती हलते पण श्वास आत जात नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हिसका देऊन श्वास सुरू होतो. ही शांतता 10 सेकंद किंवा जास्त टिकत असेल आणि रात्रभर पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. झोपलेल्याला याचा पत्ताच नसतो. त्याला कळतं ते एवढंच, की सकाळी डोकं जड आहे आणि दुपारी गाडी चालवताना डुलकी येते. ही डुलकी जीवावर बेतू शकते.

मोबाईलवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. ते झोपेची तपासणी करायला सांगतील. तासाला 30 किंवा जास्त वेळा श्वास अडत असेल तर आजार तीव्र मानतात. त्यावर सीपॅप मशीनचा, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, चांगला उपयोग होतो. मास्कची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, तेवढा धीर धरा.

तोवर कुशीवर झोपा, रात्री दारू नको. आणि झोपेची गोळी स्वतःच्या मनाने तर मुळीच घेऊ नका. काही गोळ्यांनी श्वास आणखी अडतो.