माजी सैनिक शेतकरी गेल्यावर : पेटी, पेन्शन आणि सातबारा

1971 ची लढाई लढून आलेला आणि पुढे आयुष्यभर शेती केलेला माणूस गावात 'मेजर' म्हणूनच ओळखला जातो, मग तो शिपाई म्हणून का निवृत्त झालेला असेना. तो गेला की घरच्यांना लष्कराचं आणि महसूलचं अशी दोन्ही दप्तरं एकदमच सांभाळावी लागतात. त्यात भरडली जाते ती त्याची बायको, म्हणून कामाचा क्रम आधीच ठाऊक असावा.

मृत्यू साप चावून, वीज पडून किंवा विहिरीत पडून झाला असेल तर पोलिसांत खबर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय अंत्यसंस्कार करू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाख रुपये मिळतात, पण या कागदांशिवाय प्रकरण अडतं. वयाची अट 10 ते 75 आहे आणि अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी कार्यालयात द्यायचा असतो.

तिरंग्याबद्दल प्रेमापोटी चूक होते. शासकीय किंवा लष्करी इतमामातला अंत्यविधी असेल तरच पार्थिवावर झेंडा घालता येतो. केशरी पट्टा डोक्याकडे ठेवायचा आणि अग्नी देण्याआधी झेंडा काढून घ्यायचा. घरच्या घरी आपल्या मनाने तो पांघरू नये.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत करा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या, त्या सगळ्या लागतात. दाखल्यावरचं नाव पेन्शनच्या कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच सही घ्या.

आता त्यांची लष्करातली जुनी पेटी उघडा. डिस्चार्ज बुक (लष्करातून सुटल्याचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं), कॅन्टीन कार्ड आणि लष्करी गट विम्याचं प्रमाणपत्र बाजूला काढा. डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लं असेल तर पदकं हातात घ्या. पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात तिथे, नंबर, हुद्दा आणि नाव बारीक कोरलेलं असतं. उन्हात तिरपं धरलं की वाचता येतं. तो नंबर मिळाला की सैनिकाच्या नोंदी ठेवणाऱ्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता येतं : मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. म्हणून पदकं घासूनपुसून लखलखीत करायच्या नादात कडा झिजवू नका.

पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच असते. त्यानंतर खात्यात आलेले पैसे एटीएममधून काढू नका, ते नंतर वसूल होतात आणि विधवेच्या पेन्शनमधून कापले जातात. मृत्यूचा दाखला, पीपीओ, पत्नीचं आधार, पॅन, पासबुक आणि फोटो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. तिथे स्पर्श या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर मृत्यू नोंदवून कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याचा अर्ज भरून देतात. वयोवृद्ध सैनिकाच्या पत्नीला साधारणपणे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के या दराने ते बसतं.

काम रखडतं ते नावावरून. पीपीओवर पत्नीचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि जन्मतारीख तिसरीच. मग प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, रेकॉर्ड ऑफिसचा पत्रव्यवहार यात महिनोन्महिने जातात.

सातबाऱ्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या. ई-हक्क या महसूलच्या ऑनलाइन प्रणालीवरूनही तो करता येतो. मृत्यूचा दाखला, सातबारा, 8-अ (खात्याचा उतारा) आणि सगळ्या वारसांचं स्वयंघोषणापत्र जोडा. आधी गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, चौकशी होते, मग फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) धरला जातो, नोटिसा निघतात आणि 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांची नावं लिहा. लग्न होऊन गेलेल्या लेकी गाळणं बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पुढच्या भांडणाची सुरुवात तिथेच होते. बहिणीला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर तो नंतर, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. सोसायटीच्या कर्जाचा बोजा 'इतर हक्क' रकान्यात दिसतो. वारस लागले म्हणून तो उतरत नाही, हे सोसायटीच्या सचिवाशी त्याच वेळी बोलून घ्या.

यातलं नावाचं आणि जन्मतारखेचं काम मात्र मेजर हयात असतानाच उरका. त्यांच्या स्वतःच्या सहीचा अर्ज असला की पत्नीच्या नोंदीची दुरुस्ती बरीच सोपी जाते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हाच पीपीओ आणि दोघांची आधार कार्डं बरोबर न्या, शेजारी शेजारी ठेवा आणि तपासून घ्या. खातंही पत्नीसोबत संयुक्त करून ठेवा.