इंदूरहून विमानाने जाताना खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी

इंदूरच्या मराठी घरांतून मुंबई-पुण्याला जाणेयेणे सतत चालू असते, आणि विमानाचे तिकीट काढताना बहुतेक जण 'खिडकी मिळाली' एवढ्यावर समाधान मानतात. माझ्या आईला वरून नर्मदामाईचे दर्शन घ्यायचे होते, म्हणून मीही तशीच एक खिडकी घेतली. ती नेमकी पंखावरची निघाली. पत्र्यावरच्या रिव्हेटांच्या ओळींखेरीज तिला काहीच दिसले नाही, याची रुखरुख मला कितीतरी दिवस लागून राहिली. तेव्हापासून जागा निवडण्यापूर्वी मी नकाशा उघडतो.

नकाशावर दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढावी आणि आपले तोंड जाण्याच्या दिशेला आहे असे मानावे. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या विमानांत 'ए' ही डाव्या हाताची आणि 'एफ' ही उजव्या हाताची खिडकी असते. इंदूर ते मुंबई ही रेघ नैर्ऋत्येकडे जाते, त्यामुळे सकाळी सूर्य डावीकडे आणि संध्याकाळी उजवीकडे राहतो. ज्या बाजूला ऊन असते त्या बाजूची काच चकाकते आणि खालची जमीन पांढुरकी दिसते; उलट बाजूच्या खिडकीतून मात्र शेतांचे बांध, घाटरस्ते आणि पाण्याचे रंग स्वच्छ उमटतात. म्हणून सकाळच्या मुंबई विमानात 'एफ' आणि संध्याकाळच्या विमानात 'ए' घ्यावी. परतताना हाच हिशेब उलटा करावा.

या मार्गावरचा खरा ठेवा सुरुवातीलाच आहे. उड्डाणानंतर दहा मिनिटांच्या आसपास विंध्याचा कडा उतरतो आणि निमाडच्या सपाटीत नर्मदा येते. विमान तिला ओलांडून जाते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी दिसते. फक्त तिचा कोणता भाग पाहायचा हे आपण ठरवायचे असते. डावीकडे महेश्वर आणि त्याच्याही पलीकडे ओंकारेश्वर येते, तर उजवीकडे मांडूचे पठार आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याने रुंदावलेले पात्र. विमान आखलेल्या रेघेवरूनच जाईल असे नाही, ते दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे सरकते, तेव्हा एखादा घाट ओळखू येईलच असे समजू नये. दुसऱ्या खेपेस आईला मी सकाळच्या विमानात सहाव्या रांगेत उजवीकडे बसवले. कोवळ्या उन्हात ते पाणी दिसताच तिने काचेला कपाळ टेकवून 'नर्मदे हर' म्हटले, आणि नदी मागे पडेपर्यंत ती जागची हलली नाही.

रांग निवडताना पंखाच्या पुढचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पंखाच्या लगेच मागे बसल्यास इंजिनातून निघणाऱ्या तप्त हवेमुळे दृश्य थरथरते. अगदी शेवटच्या रांगा त्यापेक्षा बऱ्या. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडे पुढे वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, त्यामुळे तिथल्या एखाद्या जागेला खिडकीच नसते. पैसे भरण्यापूर्वी त्या विमानाचा आसननकाशा नीट पाहावा. लहान एटीआर विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात आणि ते कमी उंचीवरून उडते, म्हणून जमीन पाहण्यासाठी ते मला सर्वांत आवडते.

दिल्लीचा मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेचा असल्याने सकाळी 'ए' घ्यावी. तिथून पुढे बागडोग्र्याला जाणाऱ्यांनी मात्र उन्हाचा विचार न करता डावी खिडकीच धरावी, कारण हिमालयाची रांग त्याच बाजूला असते.

पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे. तिथे छायाचित्रे काढू नयेत आणि कर्मचाऱ्यांनी सांगितल्यास खिडकीचा पडदा लावून घ्यावा.

पावसाळ्यात जमीन ढगांखाली जाते, तरीही सूर्याच्या उलट बाजूचीच खिडकी घ्यावी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र वरूनही दिसते: खालच्या ढगांवर विमानाची सावली धावत असते आणि तिच्याभोवती सप्तरंगी वर्तुळ तिच्यासोबत सरकत राहते.