वस्तऱ्यावर कारागिराची खूण कशी उमटवावी

जुना वस्तरा हातात आला की मी धार नंतर बघतो. आधी बघतो ती पातं आणि मूठ यांच्यामधली जाड पट्टी, कारण कारागिराचं नाव बहुधा तिथेच ठोकलेलं असतं. इंग्लंडमधल्या शेफील्डला 1624 साली संसदेच्या कायद्याने कटलर्स कंपनी, म्हणजे चाकू-वस्तरे बनवणाऱ्यांची संघटना, स्थापन झाली आणि कोणाची खूण कोणती, याची नोंद ती ठेवू लागली. शेफील्डच्याच जोसेफ रॉजर्स या कारखान्याचा तारा आणि माल्टीज (आठ टोकांचा) क्रूस आजही जाणकार लांबून ओळखतात. जर्मनीत तर चाकू-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध ‘सोलिंगेन’ या गावाच्या नावालाच 1938 साली कायद्याचं संरक्षण मिळालं.

ही नावं ठशाने उमटत. कडक पोलादाच्या ठशावर अक्षरं उलटी कोरलेली असतात. पट्टीला पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करण्याआधी, पोलाद मऊ असतानाच, ठसा सरळ उभा धरून एकच सणसणीत घाव घालायचा. दुसरा घाव केसभर सरकला तरी अक्षर दुहेरी दिसतं. पाणी दिलेल्या वस्तऱ्यावर हा प्रयोग मुळीच करू नका. ठशाचं तोंड बिघडतं आणि पट्टीला तडा जाऊ शकतो.

तयार वस्तऱ्यावर खूण हवी असेल तर ती खोदायची नाही, विजेने खायला लावायची. 9 व्होल्टची बॅटरी, दोन वायरी, मीठ, कानातल्या कापसाच्या काड्या आणि नेलपॉलिश एवढं पुरतं. पहिला हात हॅकसॉच्या जुन्या ब्लेडवर, रंग घासून काढून, बसवा.

आधी धारेवर जाड चिकटपट्टी लावा. मग खूण उमटवायची ती पोलादाची पट्टी स्पिरिटने पुसा. बोटाचा तेलकट डाग राहिला तर नेलपॉलिश तिथूनच सुटतं. नेलपॉलिशचा पातळ थर देऊन अर्धा तास थांबा. मग सुईने अक्षरं खरवडा, खालचं पोलाद चमकेपर्यंत. इथे अक्षरं सुलटीच लिहायची. देवनागरीत ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातला थर चटकन उडतो, म्हणून अक्षर थोडं मोठं काढा आणि शिरोरेषा शेवटी ओढा.

बॅटरीचं धन टोक वस्तऱ्याला जोडा. ऋण टोकाची उघडी तार काडीच्या कापसात गुंडाळा आणि कापूस मिठाच्या पाण्यात भिजवून पिळा. तार पोलादाला टेकू देऊ नका. कापूस अक्षरांवर पाच-सात सेकंद टेकवा, उचला, परत टेकवा. बारीक चुरचुर ऐकू येते, फेस येतो, कापूस तपकिरी-काळा होतो. काळा झाला की काडी बदला. साधारण मिनिटभरात नखाला खाच लागते. खिडकी उघडी ठेवा. स्टेनलेस पोलादावर हे घरी करू नका. त्यातल्या क्रोमियममुळे विषारी द्राव तयार होऊ शकतो.

नेलपॉलिश काढताना घाई नको. जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) असतात आणि ॲसिटोनचा एक ओघळही त्या विरघळवतो. मूठ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि काडीच्या टोकानेच पुसा. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर तिला हातच लावू नका, ती घासली की जाते.

शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा, कारण अक्षराच्या खाचेत राहिलेलं मीठ रात्रीतून गंज चढवतं. खाचेत तेलाचा थेंब जिरवा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात तिरपं धरून पुन्हा बघा. तांबूस छटा दिसली तर परत धुवून, पुसून तेल लावा.