घटसर्पाची लस मृगाआधीच का टोचायची?

मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्यात पावसाने जोर धरला की कुठल्या ना कुठल्या गोठ्यातून निरोप येतोच. म्हैस रात्री धारेला उभी होती. पहाटे बघावं तर अंगात सणसणून ताप, तोंडातून लाळ, श्वासाला घरघर आणि घशाखाली गरम सूज. हात लावला तरी मान काढून घेते. हा घटसर्प. पुष्कळदा चोवीस तासही मिळत नाहीत. मग सगळं गाव लशीसाठी धावतं, तोवर उशीर झालेला असतो.

टोचलं त्या दिवसापासून जनावर सुरक्षित होत नाही. लशीतले मेलेले जंतू शरीराला ओळखावे लागतात, त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार व्हावी लागतात आणि ती ओळख जपणाऱ्या पेशी घडाव्या लागतात. याला दोन ते तीन आठवडे जातात. मृग निघतो ७-८ जूनला. म्हणून १५ मेच्या आत टोचून घ्या.

ही ओळख कायमची टिकत नाही. गाईबैलांच्या सांसर्गिक फुफ्फुसदाहाचंच बघा. तो आपल्याकडून गेला, २००७ मध्ये भारत त्यातून मुक्त असल्याची जागतिक नोंद झाली. आफ्रिकेत मात्र तो अजून आहे, आणि तिथे जिवंत पण सौम्य केलेल्या जंतूंची लस असूनही ती दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. आपली घटसर्पाची लस तर मेलेल्या जंतूंची! तुरटीयुक्त लशीचा असर चार-सहा महिने, तेलयुक्त लशीचा साधारण वर्षभर. 'गेल्या साली टोचलंय की' म्हणून यंदा चुकवू नका.

तेलयुक्त लशीनंतर मानेवर सुपारीएवढी गाठ राहू शकते. तिथून औषध हळूहळू शरीरात उतरत असतं, चोळू नका. दोन दिवस दूध थोडं कमी येईल, तेवढं सोसा. वासरं-पारड्यांना सहा महिन्यांनंतर पहिली मात्रा. आजारी जनावर आणि दिवस भरत आलेली गाभण गाय डॉक्टरांना आधी दाखवा. लस २ ते ८ अंशांतच हवी. गोठलेली बाटली वापरूच नका.

लक्षणं दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या नंबरला फोन करा. चाकणच्या बाजारातून नवं जनावर आणलं असेल तर ते तीन आठवडे वेगळं बांधा, त्याला लस कधी दिली ते विकणाऱ्याला विचारा, आणि सांगता आलं नाही तर दिलेली नाही असंच धरा.