टीव्ही लागतो, पण मोडेम ऑनलाइन येत नाही: माझा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ताईच्या क्लासेससाठी केबल मोडेम (टीव्हीच्याच केबलवरून इंटरनेट देणारा डबा) माडीवर हलवायचा होता, टीव्ही खाली. माडीवरच्या कोएक्स (टीव्हीची गोल केबल) पॉइंटला आधी टीव्ही लावून पाहिला, चित्र स्वच्छ. मोडेम लावला, तर डाउनस्ट्रीमचा (येणाऱ्या सिग्नलचा) दिवा स्थिर आणि अपस्ट्रीमचा (जाणाऱ्या सिग्नलचा) नुसता लुकलुकतोय!

खरी खूण इथेच आहे. टीव्हीला सिग्नल फक्त घ्यायचा असतो. मोडेमला उलट पाठवायचाही असतो, आणि तो खालच्या, ५ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होणाऱ्या पट्ट्यात. जिन्याखाली टीव्हीसाठी बसवलेला जुना बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) एकाच दिशेने चालणारा निघाला. परतीचा सिग्नल तिथेच अडत होता.

मग बूस्टरच्या आधी, मुख्य केबलवर दोन तोंडांचा स्प्लिटर (एका केबलच्या दोन वाटा करणारा तुकडा) लावला, ५ ते १००० मेगाहर्ट्‌झ छापलेला. (डिश अँटेनाचा बऱ्याचदा ९५० पासून सुरू होतो, तो अजिबात घेऊ नका.) एक तोंड थेट मोडेमला, दुसरं बूस्टरमधून टीव्हीला. प्रत्येक तोंडावर साधारण ३.५ डेसिबल घट होते, म्हणून मोडेमच्या वाटेवर एकच स्प्लिटर ठेवा. केबलच्या टोकाचे सैल एफ कनेक्टरही (स्क्रूसारखे फिरवून बसणारे) बदलले. अपस्ट्रीमचा दिवा लगेच स्थिर झाला. मोडेमच्या वाटेत बूस्टर हवाच असेल, तर रिटर्न पाथवाला, म्हणजे परतीचा सिग्नलही जाऊ देणारा, मागून घ्या.